तळमजला अधिक सात

लिफ्टमामांना बुद्धिबळाचा पट कधी पट म्हणून दिसलाच नाही. त्यांना ती इमारत दिसायची. तळमजला अधिक सात, प्रत्येक मजल्यावर आठ खोल्या, आणि त्या खोल्यांतून राहणारी काळी-पांढरी बिऱ्हाडं. "तिसऱ्या मजल्यावर दुसऱ्या खोलीत काळा घोडा. त्याच्या बरोबर वर, चौथ्यावर, पांढरं प्यादं. तळमजल्याला शेवटच्या खोलीत पांढरा राजा, एकटाच," असं ते माझ्या वडिलांना मोठ्याने सांगायचे. आणि माझे वडील, ज्यांनी उभ्या जन्मात कुणाचं ढोबळ बोलणं खपवून घेतलं नाही, ते डोळे मिटून समाधानाने मान हलवायचे. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तोंडाला पदर लावून हसले होते. ते हसू फार दिवस टिकलं नाही.

माझे वडील, नाना, हे ठाण्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. निवृत्तीनंतर त्यांचे डोळे गेले. पूर्ण गेले नाहीत. कडेचं दिसायचं, मधलं दिसायचं नाही. समोर उभ्या माणसाचे कान दिसायचे, चेहरा नाही. त्यानंतर न्हाणीघरात पडून खुबा मोडला आणि ते डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत पलंगाला खिळले. मी एकुलती एक, लग्न न केलेली, ठाण्याला सरकारी नोकरीत. सकाळी आठला घर सोडायचं, संध्याकाळी साडेसातला परत. मधल्या बारा तासांसाठी माणूस हवा म्हणून घरी रुग्णसेवक पाठवणाऱ्या ब्युरोला फोन केला, आणि कल्याणहून, कोळसेवाडीतून, मामा आले.

ते अठ्ठावन्नच्या आसपासचे, काटकुळे, केसांना चापून तेल लावलेले. त्याआधी ठाण्यात एका ऑफिसांच्या इमारतीत एकवीस वर्षं ते लिफ्टमन होते. ती इमारत होती तळमजला अधिक सात. मग तिथे आपोआप दार उघडणारी नवी लिफ्ट आली, मामांचं स्टूल बाहेर आलं आणि मामाही बाहेर आले. त्यांनी रुग्णसेवेचा तीन महिन्यांचा कोर्स केला. आमच्या इमारतीत 'मामा' म्हटलं की वॉचमनही वळून बघायचा, म्हणून नानांनी दुसऱ्याच दिवशी ह्यांना लिफ्टमामा करून टाकलं.

लिफ्ट त्यांच्या अंगातून गेली नव्हती. नानांना उठवताना ते विचारायचे, "वर जायचं?" नाना हो म्हणाले की एक हात पाठीखाली, एक हात बगलेत, आणि "हळू... हळू... आला मजला," असं म्हणत बसते करायचे. निजवताना "खाली." ते खुर्चीत कधी बसले नाहीत, त्यांना स्टूलच लागायचं आणि तेही दाराजवळ, भिंतीला पाठ लावून. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये मात्र त्यांनी पाय ठेवला नाही. दोन मजले चढून यायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ताई, एकवीस वर्षं उभ्या उभ्या फुकट फिरलोय. आता थोडं चालतो."

आता नानांच्या बुद्धिबळाविषयी सांगायला हवं. नाना डाव खेळत नसत. डाव खेळणं हा त्यांच्या मते दोन माणसांनी मिळून केलेला वेळेचा नाश होता. त्यांना लागायची ती मात. वर्तमानपत्रात रोज छापून येणारं कोडं: पांढऱ्याने खेळून दोन चालींत मात करा. साठ वर्षांची अशी कात्रणं त्यांनी वह्यांत चिकटवून ठेवली होती. मला त्यांनी सहाव्या वर्षी सोंगट्या ओळखायला शिकवल्या, नवव्या वर्षी ठाण्याला शाळांच्या स्पर्धेला नेलं, आणि मी दुसरी आले तेव्हा परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाले, "तिसऱ्या डावात घाई केलीस." कौतुक करणं त्यांच्या हाताबाहेरचं होतं असं मी मोठेपणी स्वतःला समजावलं होतं. ते समजावणं पुढे फुकट गेलं.

डोळे गेल्यावर कोडं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. ऑफिसातून आले की चहा व्हायचा आणि मी पलंगाशी बसून घराघराची नावं घेत मांडणी सांगायची, शास्त्रशुद्ध, जशी पुस्तकात असते तशी. नाना ती डोक्यात मांडून सोडवायचे. मीही मनात सोडवायची. आमच्या घरचा नियम असा की, उत्तर सापडलं तरी बोलायचं नाही, समोरचा "बोल" म्हणेपर्यंत थांबायचं. दिवसभरात वडील-मुलीत जे काही बोलणं व्हायचं ते त्या अर्ध्या तासात. तो अर्धा तास माझा होता.

मामा आल्यावर आठवड्याभरातच नानांना संध्याकाळपर्यंत दम निघेना. दिवसभर पडून पडून करणार काय? त्यांनी मामांना वर्तमानपत्र आणायला सांगितलं. मामांच्या चष्म्याला ती एवढीशी आकृती काही झेपेना, म्हणून नानांनी मला फर्मान काढलं की, रोज सकाळी निघण्यापूर्वी कोडं खऱ्या पटावर मांडून ठेवायचं. मी मांडून ठेवलं. मामांनी पट बघितला आणि म्हणाले, "नाना, मला ह्यातलं काय कळत नाय. पण कोण कुठं राहतं ते सांगू शकतो." त्या संध्याकाळी मी चहा घेऊन पलंगाशी बसले, वर्तमानपत्र उघडलं, तर नाना म्हणाले, "आजचं झालं." पुढे रोजच ते झालेलं असायचं.

इथवर ठीक होतं. वाचणाऱ्याने वाचावं, त्यात काय एवढं? पण नानांनी मामांना सोंगट्यांच्या चाली शिकवल्या आणि तिथून सगळं बिघडलं. पंधराव्या दिवशी मी घरी आले, हात धूत होते, तर आतून नाना ओरडले, "शुभा, आज मामांनी माझ्या आधी सोडवलं!" मी हात पुसत होते तेव्हा परत सांगितलं. जेवताना परत. रात्री दिवा मालवताना पुन्हा एकदा, आणि ह्या वेळी वर जोडलं, "काय नजर आहे माणसाची!" बावन्न वर्षांत माझ्या नजरेविषयी त्या तोंडून अवाक्षर निघालेलं नव्हतं. मी तोंडावर पांघरूण घेऊन पडून राहिले.

मामांची सोडवायची रीत मी नंतर नीट पाहिली, कारण मला त्यात खोट काढायची होती. आम्ही शिकलेली माणसं आधी शह कुठून देता येतो ते बघतो. मामा आपल्या सोंगट्यांकडे बघायचेच नाहीत. ते काळ्या राजाशी सुरुवात करायचे. "ह्याच्या खोलीला दारं किती? ह्या दारात त्याचाच माणूस उभा, म्हणजे बंद. इथं आपला उंट बघतोय, बंद. हे एक उघडं. मग आता हे कोण बंद करील?" असं बोटाने दारं मोजत मोजत, शेवटचं दार बंद झालं की, तीच मात. मी म्हटलं, "मामा, हे कुठं शिकलात?" तर म्हणाले, "लिफ्टमध्ये माणूस घुसला की आमी पहिलं बघायचो, हा कुठल्या मजल्याला उतरणार नाय. मग उरलेला मजला त्याचा." एकवीस वर्षांत कुणाला मजला विचारावा लागला नाही, असंही त्यांनी ठोकून दिलं. त्यांच्या लिफ्टच्या गोष्टींत थोडी भर असायची. प्रत्येक गोष्टीत कुणीतरी मोठा साहेब चौथ्या-पाचव्याच्या मधे अडकलेला असायचा.

"तू शह शोधतेस, मामा दारं शोधतात," नाना मला म्हणाले. मी त्यांना भात वाढत होते. वाढलेला भात परत पातेल्यात घालावा असं वाटलं.

मग मी मामांचे दोष गोळा करायला लागले. चहात साखर जास्त. वर्तमानपत्राची घडी उलटी. नानांच्या अंगाला तेल लावताना चादरीवर डाग. स्टुलाच्या पायांचे फरशीवर ओरखडे. एकेक मी नानांच्या कानावर घालायची, आणि नाना "असू दे ग" म्हणायचे. असू दे! माझ्या हातून एकदा वरणात मीठ जास्त पडलं होतं तर ह्याच माणसाने ताट बाजूला सारलं होतं. मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कोडं सोडवून, वेळ टिपून, संध्याकाळी सहज म्हणून सांगायची, "आजचं मला सहा मिनिटांत सुटलं." नाना म्हणायचे, "हो का? मामांना चार लागली."

मामांकडून काही काढून घ्यावं तर तेही जमायचं नाही. दिवसभर हे दोघे काय बोलतात, नाना माझ्याविषयी काही म्हणतात का, हे मला खोदून खोदून विचारावंसं वाटे. एकदा विचारलंच. मामांनी डबा पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली आणि म्हणाले, "लिफ्टमधलं लिफ्टमध्ये, ताई. तेवढ्यावर एकवीस वर्षं काढलीत." मला त्या गाठीचाही राग आला.

वर्षात त्यांनी हक्काने मागितलेली सुट्टी एकच, चौदा एप्रिलची. मलाही त्या दिवशी सुट्टी. सकाळी मी हौसेने पट घेऊन बसले आणि जुन्या पद्धतीने घरांची नावं घेत सुरुवात केली. नानांनी हात वर केला. "मजल्यांनी सांग." मी म्हटलं, "नाना, अहो, मी काय—" "मजल्यांनी सांग, आता मला तसंच दिसतं." मी दात आवळून वाचायला लागले. "आठव्या मजल्यावर तिसऱ्या खोलीत काळा राजा." नाना म्हणाले, "आपल्या इमारतीला सातच मजले आहेत." मी ओळी मोजत होते, आठ ओळी, आठ मजले. तळमजला मोजायचा नसतो हे मी विसरले. जन्मभर डोंबिवलीत राहून! पुन्हा सुरुवात केली, पुन्हा दोन ठिकाणी एक मजला चुकले, पांढरा घोडा प्याद्याच्या डोक्यावर जाऊन बसला. नाना म्हणाले, "राहू दे. उद्या मामा आले की बघू." मग त्यांनी डोळे मिटले आणि मी पट उचलून कपाटावर ठेवून दिला.

पुढे जे केलं ते सांगायला मला आजही जड जातं. त्याच आठवड्यातली सकाळ. कोडं सुरेख होतं. काळा राजा सगळ्यात वरच्या मजल्यावर, त्याच मजल्यावर पहाऱ्याला त्याचा हत्ती. पांढऱ्याने आपला वजीर थेट त्या मजल्यावर चढवून मरू द्यायचा. काळ्या हत्तीने तो मारला की मागून त्याच वाटेने आपला हत्ती वर चढवून त्या हत्तीला मारायचं, की मात. राजाला पळायला खालच्या मजल्यावर दोन दारं होती, आणि ती दोन्ही एका पांढऱ्या प्याद्याने अडवलेली होती. ते प्यादं एवढंच काम करत होतं, पण तेवढ्यावर सगळं उभं होतं. मला सात मिनिटांत सुटलं. मी सगळ्या सोंगट्या मांडल्या, ते प्यादं मांडलं नाही. इतर उरलेल्या सोंगट्यांबरोबर ते डब्यात टाकलं, आणि वर्तमानपत्राचं ते पान घडी करून पर्समध्ये घातलं. मोजा म्हटलं आता दारं.

त्या दिवशी ऑफिसात माझं कशात लक्ष नव्हतं. मामा स्टुलावर बसून डोकं खाजवतायत, नाना वैतागतायत, संध्याकाळी मी जाऊन कुठेतरी एक बोट ठेवते, असं चित्र मी दिवसभर डोळ्यांसमोर घोळवलं. परतताना बसने आले. शीळफाट्याला वाहतूक तुंबली, पाऊण तास बस जागची हलली नाही, आणि तो पाऊण तासही मला गोड लागला.

घरी आले तर नाना भिंतीकडे तोंड करून पडलेले. दुपारचं ताट झाकलेलं, तसंच. मामा स्टुलावर. मी विचारलं, "काय झालं?" नाना वळले नाहीत. म्हणाले, "सकाळपासून बघतोय. मात होत नाही. राजा निसटतो. वजीर दिला, हत्ती चढवला, तरी निसटतो. छापलेलं आहे म्हणजे होत असणारच. मलाच दिसत नाही." मग म्हणाले, "डोळे गेले तेव्हा म्हटलं, डोकं आहे. आता तेही गेलं ग, शुभा." त्यांचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता. आई गेली तेव्हाही नाही.

बोलायला हवं होतं. तेवढ्यात मामा स्टुलावरून उठले, आवाज न करता डब्यातून काहीतरी उचललं, पलंगाखाली वाकले, पार आत हात घातला आणि मूठ मिटून वर आले. "नाना, सापडलं! एक प्यादं हितं पडलेलं. सकाळी फडका मारताना माझाच हात लागला असणार." त्यांनी ते प्यादं पटावर ठेवलं, बरोबर जिथे हवं तिथे. "पाचव्या मजल्यावर, सातव्या खोलीत. पांढरं." नाना वळले. दीड मिनिटात त्यांनी मात सांगितली. मग मामांवर असे बरसले की बाहेर जिन्यात ऐकू गेलं असेल. बेफिकीर, बेजबाबदार, दिवसभर माझा जीव टांगणीला लावला. मामा "चुकलं, नाना" म्हणत उभे होते. मी आत जाऊन ताट गरम करायला लागले. पलंगाखालून काही सापडलेलं नाही, हे त्या घरात दोघांना माहीत होतं.

त्यानंतर मला हवं होतं ते सगळं मिळालं. नानांचा मामांवरचा भरवसा उडाला. मामांनी मांडणी सांगितली की नाना म्हणायचे, "नीट बघितलंत ना? परत मोजा." संध्याकाळी मला म्हणायचे, "शुभा, तू एकदा तपासून घे ग, मामांच्या नजरेतून काही राहिलं असेल." मामा दुसऱ्यांदा मोजायचे, तिसऱ्यांदा मोजायचे. त्यांनी मला एका शब्दाने, एका नजरेनेही काही दाखवलं नाही. मी रोज तपासत होते. कधीच काही राहिलेलं नसायचं, आणि तसं नानांना सांगताना माझी जीभ जड व्हायची.

दोन आठवड्यांनी नाना म्हणाले, "ब्युरोला फोन कर. माणूस बदलून दे म्हणावं." माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. "आज प्यादं पाडलं, उद्या रक्तदाबाची गोळी पाडतील. माझ्या डोळ्यांच्या जागी ज्याला बसवायचं त्याच्यावर शंका ठेवून कसं चालेल?" हिशेबात चूक नव्हती, नानांच्या कुठल्याच हिशेबात नसायची. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून मी फोन लावलासुद्धा. ब्युरोतल्या बाईंनी विचारलं, "तक्रार काय आहे, मॅडम?" तक्रार काय होती? मी फोन ठेवला.

रात्री जेवणानंतर नानांना सांगितलं. "प्यादं मामांनी पाडलं नव्हतं. मी काढलं होतं."

नानांनी विचारलं, "कुठलं काढतेयस ते कळत होतं? की हाताला लागलं ते उचललंस?"

"कळत होतं."

"म्हणजे तुला कोडं सुटलेलं होतं."

"सकाळीच. सात मिनिटांत."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही मला विचारायचं सोडून दिलं होतं, नाना."

त्यांनी माझ्याकडे तोंड केलं. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, कान दिसत असतील. हात चाचपत त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "उद्या उशिरा जा. मामांना माझ्यासमोर सांग."

सकाळी मामा आले, पिशवी खुंटीला लावली, आणि मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. मामा म्हणाले, "ताई, मला ठाऊक होतं." मी विचारलं, कधीपासून? "दुपारपर्यंत वाटत होतं माझंच कायतरी चुकतंय. मग संध्याकाळी तुमी आलात. रोज आल्या आल्या नानांकडं बघता, त्या दिवशी पहिलं पटाकडं बघितलंत. तवा कळलं." मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. पण नाना माझ्यावर नाही, मामांवर भडकले. "मग खोटं का बोललात? मी तुम्हाला घरी पाठवायला निघालो होतो!" मामा पलंगाची चादर सारखी करत म्हणाले, "पाठवलं असतं तर गेलो असतो. ब्युरोला फोन केला की दुसरा मामा येतो. नाना, पोरगी कुठनं बदलून आणणार होता?"

मी रडायला लागले होते, माफीचे शब्द जुळवत होते. तेवढ्यात नाना पलंगावर अर्धे उठून म्हणाले, "पण थांबा. प्यादं नव्हतं, पान नव्हतं, तर ते पाचव्या मजल्यावरच होतं हे तुम्हाला कळलं कसं?" मामांचा चेहरा उजळला. "दारं, नाना! सहाव्या मजल्यावर दोन दारं उघडी राहत होती. एकाच माणसाला दोन्हीवर लक्ष ठेवायचं तर तो बसणार कुठं?" "म्हणजे तुम्ही कोडं उलटं सोडवलंत! अहो मामा, हे फार अवघड असतं! वर घ्या मला, वर घ्या!" मामांनी त्यांना वर घेतलं, पट पुढ्यात ओढला आणि दोघे पुन्हा त्याच कोड्यात बुडाले. मी डोळ्यांत पाणी घेऊन, अर्धी माफी तोंडात घेऊन, पलंगाच्या पायथ्याशी उभी. इतकं सगळं होऊनही मला पुन्हा हेवा वाटला. मी ऑफिसला निघून गेले.

मात्र त्या संध्याकाळी नानांनी आपल्या कात्रणांच्या वह्या काढायला लावल्या. सकाळचं ताजं कोडं मामांचं, संध्याकाळी वहीतलं जुनं एक माझं, अशी वाटणी त्यांनी स्वतः करून दिली. मी मजल्यांनी वाचायला शिकले. तळमजला विसरायचा नाही हे मामांनी मला दोनदा घोकून घेतलं. कधी मला लवकर सुटायचं, कधी नाही. नाना "घाई केलीस" म्हणायचेच.

असे सात महिने मिळाले. दिवाळीनंतर नानांचा खोकला छातीत उतरला. शेवटच्या आठ दिवसांत ते बोलायचे थांबले, तरी मामा सकाळी अकराला स्टूल पुढे ओढून मजले सांगायचे, सगळे, एकही खोली न गाळता. शेवटच्या सकाळी मामांनी त्यांची दाढी केली, कोडं वाचलं, आणि उत्तर स्वतःच सांगितलं. मी सुट्टी काढून घरीच होते. दुपारी नाना गेले.

दिवस झाल्यावर मामा किल्ली द्यायला आले. ब्युरोने त्यांना ठाण्याला, एका आजोबांकडे दिलं होतं. मी पट आणि सोंगट्यांचा डबा त्यांच्या पुढे ठेवला. म्हटलं, घेऊन जा, तुमचाच आहे. त्यांनी डब्यावरून हात फिरवला आणि परत सरकवला. "तिकडच्या आजोबांना पत्ते लागतात, ताई. रमी."

"तुम्हाला येते रमी?"

"शिकवतायत," मामा म्हणाले, आणि जिन्याने खाली गेले.

आता मी रविवारी त्यांना फोन करते. निमित्त म्हणून कोडं असतं. वर्तमानपत्रातलं ताजं, किंवा नानांच्या वहीतलं. मी मजल्यांनी सांगते, पलीकडून मामा दारं मोजतात, "हे बंद... हे बंद... आता हे कोण बंद करील, ताई?" मला उत्तर येत असतं. तरी मी चटकन सांगत नाही, तेवढाच फोन लांबतो. गेल्या रविवारी असंच चाललं होतं. शेवटचं दार राहिलं होतं. मागून एक जाडा, लाडावलेला आवाज आला, "मामा, पानं वाटा की!" आणि मामा हसले. ते हसू मी ओळखते, पलंगाशेजारच्या स्टुलावरून ते मी वर्षभर ऐकलं आहे. "ताई, ठेवतो हां, आजोबा थांबलेत," म्हणाले आणि फोन बंद झाला.

त्या आजोबांना मी पाहिलेलं नाही. म्हातारा माणूस आहे, आजारी आहे, त्याला सोबत लागते, हे सगळं मला कळतं. पण तो माणूस मला अजिबात आवडत नाही.